वाचकांचे प्रश्न : नेपाळ शिकवायचा आहे, साहित्य कोठे मिळेल?

या महिन्याच्या टपालात ग्वाल्हेरहून आलेली तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली. म्हणून इतर वाचकांचे प्रश्न पुढच्या अंकासाठी राखून ठेवले आहेत आणि हे सदर या वेळी त्या तीन पत्रांनाच दिले आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, पण प्रश्नच तसा होता.

प्रश्न : माननीय सर, सप्रेम नमस्कार. मी लश्करमधील एका शाळेत सातवीला सामाजिक विज्ञान शिकवते. शाळेने या सत्रात प्रत्येक वर्गाला एक शेजारी देश नेमून दिला असून आमच्या वाट्याला नेपाळ आला आहे. आठवड्याला दोन तासिका याप्रमाणे सहा आठवडे काम करायचे आणि शेवटी पालकांसाठी एक लहानसे प्रदर्शन भरवायचे, असा बेत आहे. पाठ्यपुस्तकात नेपाळविषयी जेमतेम अर्धे पान आहे. मुलांनी घरी मोबाईलवर शोधून जे आणले ते एव्हरेस्ट, पशुपतिनाथ आणि मोमो यांच्यापलीकडे जात नाही. उरलेली सगळी सहलींची जाहिरात आहे. एका गटाने तर तक्त्यावर नेपाळच्या राजाचे चित्र चिकटवून त्याखाली ‘सध्याचे राष्ट्रप्रमुख’ असे लिहून आणले. मला नेपाळी येत नाही आणि शाळेकडे खरेदीसाठी पैसेही नाहीत. विश्वासार्ह साहित्य कोठे शोधावे, आणि सापडलेले साहित्य विश्वासार्ह आहे हे कसे ओळखावे?
— एक शिक्षिका, लश्कर, ग्वाल्हेर

उत्तर : राजाच्या चित्राविषयी वाचून हसू आले, पण लगेच ओशाळलोही. नेपाळमधील राजेशाही २८ मे २००८ रोजी संपुष्टात आली, आणि त्यानंतरही काही वर्षे माझ्या वर्गाच्या भिंतीवर राजा-राणीचा तक्ता तसाच लटकत होता. तो मी स्वतःच्या पैशांनी घेतला असल्यामुळे उतरवावासा वाटत नव्हता. तेव्हा मुलांना रागावू नका. तो तक्ता जपून ठेवा, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

आपल्या पत्रात एक वाक्य असे आहे की ते मला मान्य करता येत नाही, आणि ते म्हणजे ‘मला नेपाळी येत नाही’. नेपाळी भाषा देवनागरीत लिहिली जाते. आपला सातवीतील कोणताही मुलगा नेपाळी वर्तमानपत्राचा मथळा आज, या क्षणी, मोठ्याने वाचू शकतो; त्याला घरची मराठी आणि शाळेतील हिंदी येत असल्यामुळे त्यातील निम्मे शब्द ओळखीचे वाटतील आणि उरलेल्यांचा अर्थ तो अंदाजाने लावील. चीन, म्यानमार किंवा श्रीलंका वाट्याला आलेल्या आपल्या सहकाऱ्यांना ही सोय नाही. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, नेपाळविषयी भारतात किंवा युरोपात लिहिलेले काही शोधण्याआधी नेपाळने आपल्या मुलांसाठी जे लिहिले आहे ते मिळवावे.

ते मिळवणे अवघडही नाही. भक्तपूर जिल्ह्यातील सानोठिमी येथे नेपाळ सरकारचे पाठ्यक्रम विकास केंद्र आहे. तेथे तयार होणारी शालेय पाठ्यपुस्तके केंद्राच्या संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येतात, आणि त्यांपैकी बरीच पुस्तके इंग्रजीतही असल्यामुळे आपल्याला पडताळणीसाठी आधार राहतो. सामाजिक अध्ययनाचे सहावी ते आठवीचे पुस्तक आपल्या कामाचे आहेच, पण मी आरंभ त्याहून लहान मुलांच्या पुस्तकापासून करीन. पहिली ते तिसरीच्या पुस्तकाचे नाव ‘हाम्रो सेरोफेरो’ असे आहे, म्हणजे आपला परिसर. भाषा सोपी, चित्रे भरपूर, आणि घर, शेत, बाजार, सण, पाण्याचा नळ, शेजारची माणसे असे विषय. आपल्या मुलांनी ती पाने उलटताना नेपाळमधील एक मूल आपल्या घराकडे कसे पाहते हे त्यांना दिसते, आणि त्यात एव्हरेस्टला फारशी जागा नसते, हेही त्यांच्या लक्षात येते.

दुसरे ठिकाण म्हणजे ओपन लर्निंग एक्सचेंज नेपाळ या संस्थेने चालवलेले ‘ई-पुस्तकालय’. तेथे मुलांसाठी गोष्टींची पुस्तके नेपाळी व इंग्रजी दोन्ही भाषांत विनामूल्य वाचता येतात. तिसरे ठिकाण आपल्याच देशात आहे आणि ते बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. नेपाळी ही भारतीय राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषा आहे. १९९२ मध्ये कोंकणी आणि मणिपुरी यांच्याबरोबरच तिचा समावेश झाला. त्यामुळे साहित्य अकादमी आणि नॅशनल बुक ट्रस्ट यांची नेपाळी पुस्तके भारतातच छापली जातात, भारतीय किमतीत मिळतात आणि ट्रस्टच्या पुस्तक प्रदर्शनांतून ती मागवताही येतात. महाराज बाड्यावरील केंद्रीय पुस्तकालयात एक फेरी अवश्य मारावी. तेथे नेपाळी पुस्तके मिळतील असे मी म्हणत नाही, परंतु हिंदीतील जुने-नवे संदर्भग्रंथ एका जागी पाहायला मिळाले की मुलांना वर्षागणिक बदललेली माहिती शेजारी शेजारी ठेवून तपासता येते.

नेपाळी वाचताना एक गंमत होते, आणि ती मुद्दाम होऊ द्यावी. माझ्या एका वर्गात ‘घाम लागेको छ’ हे वाक्य आले, तेव्हा सगळ्यांनी एकमुखाने ‘घाम आला आहे’ असे भाषांतर केले. नेपाळीत ‘घाम’ म्हणजे ऊन. वाक्याचा अर्थ ‘ऊन पडले आहे’ एवढाच होता. ‘बुवा’ म्हणजे वडील. आपल्याकडे कीर्तनकार उभा राहतो. ‘शिक्षा’ हा शब्द हिंदीप्रमाणे शिक्षणासाठीच वापरतात, पण आपली मुले हिंदी आणि मराठी या दोन ‘शिक्षां’मध्ये रोजच वावरत असल्यामुळे त्यांना त्याचे नवल वाटणार नाही. सर्वांत उपयोगी पडला तो ‘कोदो’. मध्य प्रदेशात कोदो म्हणून जे भरड धान्य ओळखले जाते ते वेगळे. नेपाळमधील कोदो म्हणजे आपली नाचणी. हे कळल्यावर मुलांनी दोन्ही धान्ये घरून आणून दोन वाट्यांत ठेवली आणि नेपाळच्या डोंगराळ भागात नाचणी का पिकते, भात कोठे पिकतो, तराई म्हणजे काय, असे प्रश्न आपोआप निघाले. एवढा पीकपाण्याचा पाठ मला तक्त्यावरून कधीच घेता आला नसता.

आता पैसे न लागणारे साहित्य पाहू. वर्गातील घड्याळ हे त्यातील पहिले. नेपाळची प्रमाणवेळ भारतीय वेळेपेक्षा १५ मिनिटे पुढे आहे. हा चमत्कार म्हणून न सांगता गणित म्हणून सांगावा : एका रेखांशाला चार मिनिटे. भारताचे प्रमाण रेखावृत्त ८२ अंश ३० मिनिटे पूर्व, म्हणून ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास. नेपाळने १९८६ पासून गौरीशंकर शिखरावरून जाणारे ८६ अंश १५ मिनिटे हे रेखावृत्त धरले, म्हणून पावणेसहा तास. मग मुलांना ग्वाल्हेरचे रेखांश काढायला सांगावे. ते ७८ अंशांच्या थोडे पुढे आहे, म्हणजे आपल्या गावचा खरा मध्यान्ह घड्याळातील बारानंतर साधारण सतरा मिनिटांनी होतो. स्वतःच्या गावाचे घड्याळही ‘खोटे’ चालते हे कळल्यावर शेजारच्या देशाचे घड्याळ विचित्र वाटेनासे होते.

दुसरे साहित्य नेपाळचा ध्वज. आयताकृती नसलेला हा जगातील एकमेव राष्ट्रध्वज आहे हे वाक्य सगळ्या तक्त्यांवर असते. पण तो कसा काढावा याची कृती नेपाळच्या संविधानाच्या पहिल्या अनुसूचीत पायरीपायरीने, भूमितीच्या पाठासारखी दिलेली आहे, हे कोणी सांगत नाही. प्रथम हवी तेवढी आडवी रेषा घ्यायची, तिच्या डाव्या टोकातून वर जाणारी रेषा आडव्या रेषेपेक्षा एक तृतीयांशाने मोठी काढायची, असे करत करत चंद्र, सूर्य आणि शेवटी निळी किनार. आपल्या शाळेतील गणिताच्या शिक्षकांना हे पान दाखवा. ते आपली एक तासिका आनंदाने घेतील, आणि आपल्या सहा आठवड्यांत तेवढीच भर पडेल.

दिनदर्शिकेचेही तसेच आहे. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतानुसार चालतो. संविधान लागू झाले ती २० सप्टेंबर २०१५ ही तारीख तेथे ३ असोज २०७२ अशी लिहितात. आपल्या घरच्या पंचांगातही विक्रम संवत असतो, पण ते महिने चांद्र आहेत आणि वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेला बदलते; नेपाळचे महिने सौर असून वर्ष एप्रिलच्या मध्यावर वैशाखाने सुरू होते. महिन्यांची नावे जेठ, असार, साउन, भदौ अशी आहेत. आपल्या भागातील कोणत्याही आजीला ती परकी वाटणार नाहीत. चलनासाठी एक ओळ पुरे : १९९३ पासून एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर कायम ठेवलेला आहे, तेव्हा मुलांनी शाळेच्या कँटीनचा दरफलक नेपाळी रुपयांत लिहून काढावा.

भूगोलासाठी मी एकच अभ्यास सुचवतो, पण त्याला दोन पूर्ण तासिका द्याव्यात. ग्वाल्हेरच्या परिसरात पडलेले पाणी चंबळ आणि सिंध या नद्यांतून यमुनेला आणि पुढे प्रयागला गंगेला मिळते. पोखऱ्याला पडलेले पाणी सेती नदीतून त्रिशूलीला, तेथून नारायणीला जाते, आणि हीच नारायणी भारतात गंडक म्हणून येऊन हाजीपूरजवळ गंगेत शिरते. मुलांनी नैसर्गिक नकाशावर दोन्ही थेंबांचा प्रवास निळ्या पेन्सिलीने काढत न्यावा. दोन्ही रेषा पाटण्यासमोर भेटतात. मग कर्णाली भारतात घाघरा कशी होते, महाकालीला शारदा का म्हणतात, कोसीवरील करार १९५४ मध्ये आणि गंडकवरील १९५९ मध्ये का करावा लागला, आणि १८ ऑगस्ट २००८ रोजी नेपाळमधील कुसहा येथे कोसीचा बांध फुटल्यावर बिहारमधील गावे का बुडाली, हे प्रश्न नकाशावरूनच विचारता येतात. हिमनद्या आणि हिमनदी-सरोवरे यांच्याविषयी काठमांडू येथील आंतरराष्ट्रीय एकात्मिक पर्वतीय विकास केंद्राची प्रकाशने विनामूल्य उपलब्ध आहेत. ही संस्था १९८३ पासून काम करते आणि भारत, चीन व पाकिस्तान यांच्यासह हिंदुकुश-हिमालयातील आठ देश तिचे सदस्य आहेत. भाषा मोठ्यांची आहे, पण छायाचित्रे आणि आलेख सातवीला कळतात.

विश्वासार्हतेविषयी आपण विचारले आहे. मोठे निकष सांगण्यापेक्षा मी काही खुणा सांगतो. ज्या मजकुरात नेपाळचे ‘१४ अंचल’ (तेथील जुने प्रशासकीय विभाग) किंवा ‘७५ जिल्हे’ असतील तो जुना समजावा. आता सात प्रदेश, ७७ जिल्हे आणि ७५३ स्थानिक संस्था आहेत. एव्हरेस्टची उंची ८,८४८ मीटर लिहिली असेल तर तो आकडा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १९५५ च्या मोजणीचा आहे. नेपाळ आणि चीन यांनी ८ डिसेंबर २०२० रोजी संयुक्तपणे जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेनुसार २ कोटी ९१ लाखांच्या वर आहे. ‘तीन कोटी’ लिहिणाऱ्याने अंदाजे लिहिले, एवढेच. नेपाळमध्ये ‘सगळे नेपाळी बोलतात’ असे लिहिणाऱ्यावर मात्र अजिबात विसंबू नये : त्याच जनगणनेत १२४ मातृभाषांची नोंद झाली आणि नेपाळी ही मातृभाषा असणारे लोक ४५ टक्क्यांच्या आसपास आहेत, त्यानंतर मैथिली येते, जी आपल्या बिहारचीही भाषा आहे. आता तो राजाचा तक्ता बाहेर काढा. त्याच्या बाजूला मुलांनी जमवलेले इतर तक्ते ठेवा आणि प्रत्येक तक्त्यावरील मजकूर कोणत्या वर्षाच्या आसपासचा असेल हे या खुणांवरून ठरवायला सांगा. चुकीचे साहित्य हे या कामासाठी बरोबर साहित्याइतकेच उपयोगी आहे.

पंतप्रधानांचे नाव पाठ करून घेऊ नये, ही विनंती. नेपाळमध्ये सरकारे झपाट्याने बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनानंतर के. पी. शर्मा ओली यांनी राजीनामा दिला आणि माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या. त्या आठवड्यात ज्यांनी तक्ते छापले असतील त्यांची कीव करावी. त्याऐवजी मुलांनी तेथील एखादे वर्तमानपत्र आठवडाभर पाहावे. ‘गोरखापत्र’ १९०१ पासून निघते, म्हणजे ‘केसरी’पेक्षा वीस वर्षांनी धाकटे, आणि देवनागरीत असल्यामुळे मथळे वर्गात वाचता येतात. हवामान, भाजीचे भाव, परीक्षांचे निकाल आणि रस्ते खचल्याच्या बातम्या यांतून देश जितका दिसतो तितका स्मारकांच्या छायाचित्रांतून दिसत नाही.

प्रदर्शनासाठी ग्वाल्हेरचा स्वतःचा एक कोपरा करता येईल. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांनी हे शहर ताब्यात घेतले आणि येथेच नानासाहेबांची पेशवा म्हणून द्वाही फिरवली गेली. राणींची समाधी फूलबागेत आहे आणि ती मुलांनी शंभरदा पाहिलेली असते. पुढे नानासाहेब आणि बेगम हजरत महल यांनी नेपाळच्या हद्दीत आश्रय घेतला, आणि बेगम १८७९ मध्ये काठमांडूतच वारल्या. दुसरीकडे नेपाळचे तेव्हाचे पंतप्रधान जंगबहादूर राणा यांनी लखनौच्या लढाईत इंग्रजांना फौज दिली होती, आणि त्याचा मोबदला म्हणून १८६० मध्ये पश्चिम तराईतील, म्हणजे डोंगरांच्या पायथ्याच्या सपाट पट्ट्यातील, बांके, बर्दिया, कैलाली आणि कंचनपूर हा प्रदेश नेपाळला परत मिळाला. ज्या घटनेचा एक धागा फूलबागेत आहे तिचा दुसरा धागा आजच्या नेपाळच्या नकाशात आहे. राणा घराण्याशी ग्वाल्हेरचे नंतरचे नातेही सर्वश्रुत आहे : राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या आई राणा घराण्यातील होत्या, आणि राजमातांचे आजोबा खड्गशमशेर, ज्यांनी पाल्पा येथे काली गंडकीच्या काठी राणीमहाल बांधला, ते नेपाळमधून हद्दपार होऊन आपल्या सागर शहरात येऊन राहिले होते. मात्र हा कोपरा कोपराच राहू द्यावा. राजघराण्यांच्या सोयरिकींनी भिंत भरली की शेतकरी, हमाल आणि शाळकरी मुले पुन्हा बाहेर राहतात.

छायाप्रतींविषयी शंका असल्यास, वर्गात शिकवताना शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने मजकुराची प्रत काढण्यास आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ मुभा देते. प्रदर्शनातील छायाचित्रांखाली मात्र ती कोठून घेतली हे लिहावे.

प्रश्न : महोदय, माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या वर्गात नेपाळी पाठ्यपुस्तकाची काही पाने वाटली गेली, त्यांतील नकाशात उत्तराखंडचा एक तुकडा नेपाळमध्ये दाखवला होता. पालकांच्या गटात यावरून बरीच वादावादी झाली. परदेशी पुस्तके वर्गात आणूच नयेत असे काहींचे म्हणणे आहे. आपले मत काय?
— एक पालक, मुरार, ग्वाल्हेर

उत्तर : पुस्तके आणावीत, नकाशाचे पान आणू नये. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कायदा प्रथम सांगतो, कारण त्यात मतभेदाला जागा नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणे हा १९६१ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार गुन्हा असून त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. प्रदर्शनाची भिंत, शाळेचे वार्षिक, संकेतस्थळावर टाकलेले छायाचित्र या सर्व ठिकाणी शिक्षकांनी याच विभागाचा नकाशा वापरावा. देहरादूनच्या या विभागाच्या संकेतस्थळावरून राजकीय नकाशे विनामूल्य उतरवता येतात, त्यामुळे इंटरनेटवरील कोणत्यातरी चित्रावरून सीमारेषा गिरवण्याचे काही कारणच उरत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक चुका वाईट हेतूने न होता अशा गिरवण्यानेच होतात.

आता वादाचे मूळ. १८१६ च्या सुगौली तहाने काली नदी ही नेपाळची पश्चिम सीमा ठरली. परंतु त्या नदीचा उगम कोणता याविषयी दोन्ही देशांचे म्हणणे निराळे आहे, आणि म्हणून कालापानी, लिपुलेख व लिंपियाधुरा या भागांवर दोघांचाही दावा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने जम्मू-काश्मीरच्या पुनर्रचनेनंतरचा नकाशा प्रसिद्ध केला; मे २०२० मध्ये नेपाळने आपला नवा नकाशा काढला आणि जूनमध्ये संविधानदुरुस्ती करून तो राष्ट्रचिन्हातही घातला. नेपाळचे क्षेत्रफळ काही पुस्तकांत १,४७,१८१ चौरस किलोमीटर आणि काहींत १,४७,५१६ असे का आढळते, त्याचे उत्तरही येथेच आहे. जाणत्या शिक्षकाला हा फरक दिसला की पुस्तक केव्हाचे आहे हे लगेच कळते.

आठवीच्या मुलांना एवढे सांगण्यात मला काही गैर वाटत नाही : दोन देशांचे एका नदीच्या उगमाविषयी एकमत नाही, भारताची अधिकृत भूमिका ही आहे, आणि बोलणी सरकारांनी करायची आहेत. वर्गात मतदान घेऊ नये, नेपाळच्या नकाशाची टिंगलही होऊ देऊ नये. त्यानंतर मुलांचे लक्ष सीमेच्या उरलेल्या भागाकडे न्यावे, कारण ती १,७५१ किलोमीटर लांब आहे, पाच भारतीय राज्यांना लागून आहे आणि खुली आहे; दोन्ही देशांचे नागरिक व्हिसाशिवाय तीतून येजा करतात. १९५० चा मैत्री करार, जयनगर ते जनकपूर पट्ट्यात एप्रिल २०२२ मध्ये पुन्हा सुरू झालेली रेल्वे, मोतिहारीहून अमलेखगंजला २०१९ पासून तेल नेणारी नळवाहिनी : आठवीला शिकवण्याजोगे येथे पुष्कळ आहे, आणि पालकांच्या गटात त्यावर चर्चा झाली तर ती अधिक शांतपणे होईल, असा माझा अंदाज आहे.

प्रश्न : आदरणीय काका, मी थाटीपूरच्या एका शाळेत पाचवीला शिकवते. माझ्या वर्गात एका नेपाळी कुटुंबातील मुलगा आहे. त्याचे वडील एका वसाहतीत रखवालदार आहेत. नेपाळवरील पाठाच्या दिवशी त्याला तेथील पोशाखात उभे करून बोलायला लावावे, अशी कल्पना आहे. त्याहून चांगले जिवंत साहित्य कोणते, असे आमच्या मुख्याध्यापिकांना वाटते.
— एक शिक्षिका, थाटीपूर, ग्वाल्हेर

उत्तर : मुलीसारखी आहेस म्हणून स्पष्ट लिहितो. ‘जिवंत साहित्य’ हा शब्द मला आवडला नाही. तक्ता भिंतीवरून उतरवून कपाटात ठेवता येतो. त्या मुलाला मात्र दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर बसायचे असते, आणि डब्याच्या सुट्टीत त्याला काय म्हणून हाक मारली जाईल याचा विचार आधी करावा लागतो.

काही गोष्टी आधी तपासून घे. तो मुलगा नेपाळचा आहे हे तुला कसे कळले? दार्जिलिंग, सिक्कीम आणि डेहराडूनच्या परिसरात नेपाळी बोलणारी लक्षावधी माणसे भारताचे नागरिक आहेत. त्यांना ‘तुमच्या देशाविषयी सांग’ म्हटले की ते किती दुखावतात हे मी पाहिले आहे. नेपाळचा असला तरी त्याचा जन्म ग्वाल्हेरचा असू शकतो, त्याची मातृभाषा थारू, मगर, तामाङ किंवा मैथिली असू शकते, आणि दौरा-सुरुवाल हा नेपाळी पुरुषांचा पारंपरिक पोशाख त्याच्या घरी लग्नाशिवाय कोणी घालत नसेल.

मग ‘गुरखा’ आणि ‘बहादूर’ या शब्दांचा प्रश्न येतो, आणि तो त्या मुलाशिवायही शिकवता येतो. आपल्याकडे गुरखा म्हणजे रात्री शिट्टी वाजवणारा माणूस. गोरखा हे मध्य नेपाळमधील एका जिल्ह्याचे नाव आहे. नेपाळ एकत्र करणारे पृथ्वीनारायण शाह तेथले राजे होते, आणि २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपाचे केंद्रही त्याच जिल्ह्यात बारपाक येथे होते. इंग्रजांनी १८१५ मध्ये गोरखा सैनिकांची भरती सुरू केली. १९४७ मध्ये दहा पलटणींपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे गेल्या. एवढे सांगून पाचवीच्या मुलांना एकच काम दे : आपल्या गल्लीतील रखवालदाराचे नाव विचारून यायचे. ‘बहादूर’ हे उत्तर चालणार नाही.

माणसे दूर का जातात, हेही पाचवीला कळते. परदेशी गेलेल्यांनी घरी पाठवलेला पैसा नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ चौथ्या भागाइतका असतो. लक्ष्मीप्रसाद देवकोटा यांचे ‘मुनामदन’ हे काव्य नेपाळमध्ये घरोघरी ठाऊक आहे, आणि त्यातील मदन पैसा मिळवण्यासाठी बायकोला आणि आईला मागे ठेवून ल्हासाला जातो. झ्याउरे नावाच्या लोकगीताच्या चालीवर ते रचलेले आहे, म्हणजे आपल्याकडील जात्यावरच्या ओव्यांइतकेच गाण्यासाठी. कोकणातून मुंबईला गेलेल्या गिरणी कामगारांची गोष्ट तुझ्या वर्गातील एखाद्या आजोबांनी सांगितली तर ती या कथेच्या शेजारी ठेव. नेपाळी मुलगा तेव्हा वर्गात एकटा पडणार नाही.

एवढे झाल्यावरही त्याच्या कुटुंबाला विचारावेसे वाटले तर शाळा सुटल्यावर, इतर पालक नसताना, आईला विचार. भाषण मागू नकोस. मुलांनी नेपाळी पुस्तकातील चार ओळी वाचून दाखवल्या तर उच्चार तपासून द्याल का, एवढेच विचार. त्या होय म्हणाल्या तर त्या दिवशी त्यांना शिक्षिकेच्या खुर्चीवर बसव आणि मुलांना ‘नमस्ते, बाई’ म्हणू दे. नाही म्हणाल्या तर विषय तेथेच सोड, आणि मुलाला इतरांप्रमाणे नद्यांच्या नकाशाच्या गटात घाल; त्याला चंबळ काढायची असेल तर चंबळ काढू दे.